विश्लेषण : रोही-रानडुकरांमागे ‘एटीव्ही’ नेता येईल का? शिकारीची गाडी, कायदा आणि काळी जमीन

कपाशीला बोंडे धरली, मका दाण्यात आला, की पाचोरा तालुक्यात अनेक शेतकऱ्यांची रात्र जागलीला जाते. डोंगराच्या बाजूने येणारे रोही म्हणजे नीलगायी आणि नाल्याकाठच्या काटेरी झुडपात दिवस काढणारी रानडुकरे रात्रीत उभे पीक लोळवतात. त्याच जागलीवर मोबाइलमध्ये परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात. चार जाड टायर, मोटारसायकलसारखे हँडल, चिखल-दगड काही न पाहता धावणारी ‘एटीव्ही’, म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल. अशी एखादी गाडी घेतली तर जनावरांचा बंदोबस्त होईल का, कुठली घ्यावी, टिकेल का, हे प्रश्न मग साहजिकच पडतात. पण खान्देशात या प्रश्नाचे उत्तर इंजिनाच्या ताकदीपासून सुरू होत नाही.

महाराष्ट्रात शिकार करता येते का?

हौसेसाठी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. सुरुवातीच्या काळात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करण्याची तरतूद या कायद्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. त्याच दुरुस्तीत गळालेले जुने कलम १७ आजच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. चाकांच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करायला ते कलम मनाई करत होते. म्हणजे परवान्याने शिकार चालत होती तेव्हाही गाडीतून शिकार चालत नव्हती. पुढे परवान्याची शिकारच संपली, त्यामुळे तिच्यावरच्या अटींचेही काम उरले नाही.

आज उघडी आहे ती एक अरुंद फट. कलम ११(१)(ख) नुसार पिकाचे किंवा मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या, दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला विशिष्ट क्षेत्रात मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. कारणे लेखी नोंदवावी लागतात. महाराष्ट्रात २०१५ मध्ये शासनाने रोही आणि रानडुकरांबाबत हा अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत, म्हणजे आरएफओंपर्यंत खाली आणला. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. रोही व रानडुक्कर दोन्ही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

‘विशिष्ट क्षेत्रात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. परवानगी गटापुरती, जनावरापुरती आणि मुदतीपुरती असते. बिबट्या, काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत असल्याने पीक खाल्ले या कारणावर त्यांच्यासाठी ही सोय नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात कपाशीतून फक्त डोळे चमकताना दिसतात. ते काळविटाचे की लहान रोह्याचे, हे ओळखण्यात चूक झाली तर शिक्षेचे सगळे गणितच बदलते.

हा विषय राजकीयदृष्ट्याही नाजूक आहे. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळातच मनेका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आमनेसामने आले. त्या वेळी मनेका गांधींनी चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारल्याचाही उल्लेख केला होता. जावडेकरांचे म्हणणे होते की परवानगी राज्यांच्या मागणीवरून, पिकांच्या नुकसानीमुळे दिली जाते. शेतकऱ्याची बाजू आणि प्राणीप्रेमींची बाजू यातली दरी तेव्हापासून फारशी बुजलेली नाही.

मारायचे नाही, फक्त गाडीने हाकलायचे असेल तर?

बहुतेकांची गफलत इथे होते. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बोलीभाषेपेक्षा बरीच मोठी आहे. ठार मारणे, विष घालणे, फास लावणे, सापळा लावणे हे तिच्यात आहेच. पण पाठलाग करणे, हाकत नेणे, आमिष दाखवणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे हेही तिच्यात आहे. बांधावर उभे राहून डबा वाजवणाऱ्या शेतकऱ्यावर कोणी गुन्हा दाखल करत नाही. मात्र गाडीचा लाइट मारून रोह्याच्या कळपामागे दोन-तीन शेते ओलांडत जाणे, वर कोणाच्या हातात बंदूक असणे आणि ते सगळे मोबाइलमध्ये चित्रित होणे, ही वेगळी गोष्ट आहे. तो व्हिडिओच पुरावा ठरू शकतो.

मग गाडीचे काय होते? कलम ५० नुसार वन किंवा पोलीस अधिकारी गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करू शकतात. कलम ३९ सांगते की गुन्ह्यासाठी वापरलेले आणि जप्त झालेले वाहन, हत्यार, सापळा ही सरकारची मालमत्ता होते. नुसत्या जप्तीने लगेच मालकी जाते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ‘मध्य प्रदेश सरकार विरुद्ध मधुकर राव’ या २००८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ जप्ती झाली म्हणून गाडी सरकारची होत नाही आणि खटला सुरू असताना ती तात्पुरती सोडण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. दिलासा आहे, पण त्यासाठी वकील, हमी आणि कोर्टाच्या तारखा आल्या. गुन्हा सिद्ध झाला तर गाडीवरची मालकी जाते. बँकेचे हप्ते मात्र त्यामुळे माफ होत नाहीत.

शिक्षाही किरकोळ नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. शेजारच्या चाळीसगाव आणि कन्नड तालुक्यांत पसरलेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि सातपुड्यातले यावल अभयारण्य लक्षात घेतले, तर हद्दीचा प्रश्न जळगाव जिल्ह्यात कागदापुरता नाही. रोही हद्द पाहून पळत नाहीत.

परदेशात शिकारी एटीव्ही कशासाठी वापरतात?

व्हिडिओत दिसते त्यापेक्षा कमी रोमांचक कामांसाठी. मचाणापर्यंत पोहोचणे, सामान नेणे आणि मारलेले हरीण ओढून आणणे. गाडीचा आवाज झाला की जनावर निघून जाते, म्हणून अनुभवी शिकारी ती लांब उभी करून चालत जातो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत एटीव्हीवरून गोळी झाडण्यास किंवा भरलेली बंदूक घेऊन ती चालवण्यास मनाई आहे.

यातले तिसरे काम महाराष्ट्रात कायद्यानेच संपते. परवानगी घेऊन मारलेले रानडुक्करही सरकारची मालमत्ता असते. ते घरी नेता येत नाही, विल्हेवाट वन विभागाच्या देखरेखीत होते. दुसरे काम उरतच नाही, कारण आपले शेत म्हणजे चार दिवसांचा कॅम्प नव्हे. राहिले फक्त पहिले : रात्री शेतात वेळेवर आणि सुखरूप पोहोचणे. म्हणजे पाचोऱ्यातल्या शेतकऱ्याला हवी आहे ती जागलीची गाडी, शिकारीची नव्हे. निवडीचे निकष इथूनच बदलतात.

एक विसंगती यात आहे. शिकारी आणि शेतकरी गिऱ्हाइकांसाठी अमेरिकेत २०१८ पासून विकली गेलेली ‘रॉक्सर’ ही गाडी आपल्याच महिंद्रची. जुन्या जीपचा बाज आणि अडीच लिटरचे डिझेल इंजिन असलेली ही गाडी मिशिगनमध्ये जोडली जात होती आणि तिथे ‘साइड बाय साइड’, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीट असलेले ऑफ-रोड वाहन म्हणून विकली जात होती. आपल्याकडे त्या जातीच्या जीपने कित्येक वर्षे पोती, माणसे आणि वऱ्हाड वाहिले.

एटीव्ही रस्त्यावर नेता येते का?

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असतात. अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी किंवा रिसॉर्टच्या आवारातली एटीव्ही याच प्रकारातली. त्यांना आरटीओची नोंदणी मिळत नाही, नंबर प्लेट नाही, त्यामुळे रस्त्यासाठीचा विमाही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी तो दहा हजारांपर्यंत जातो, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

‘आम्ही कुठे हायवेला जाणार, गावातून शेतात जायचे’ हा युक्तिवाद टिकत नाही. ज्या वाटेवर लोकांना जाण्याचा हक्क आहे ती कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागा आहे, मग ती डांबरी असो वा मातीची. शिवरस्ता, पाणंद रस्ता त्यातच येतो. घर गावात आणि शेत तीन किलोमीटरवर असेल, तर नोंदणी नसलेली एटीव्ही दररोज बेकायदा चालणार. वाटेत कोणाला धडक बसली, तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाईल आणि ती लाखांच्या घरात असू शकते.

अपवाद आहे, पण मोजका. पोलारिस कंपनीने २०२१ मध्ये ‘स्पोर्ट्समन ५७०’ या मॉडेलची शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेतलेली आवृत्ती भारतात आणली. ५६७ सीसीचे इंजिन, सुमारे ३४ अश्वशक्ती आणि तेव्हाची किंमत ७ लाख ९९ हजार रुपये. ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित असल्याने तिची नोंदणी होऊ शकते. त्यामुळे कुठलीही एटीव्ही पाहताना पहिला प्रश्न सीसीचा नको. विक्रेत्याकडे नोंदणीसाठी लागणारे मान्यता प्रमाणपत्र मागावे. ते नसेल आणि ‘आरटीओचे आपण पाहून घेऊ’ असे उत्तर आले, तर तिथेच व्यवहार थांबवलेला बरा. ऑनलाइन मिळणाऱ्या ११०-१२५ सीसीच्या स्वस्त गाड्यांबद्दल तर फार लिहायला नको. त्या मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या, बहुतेक चेनच्या, अंगणात पोरांनी फिरवायच्या गाड्या आहेत. नांगरलेल्या रानात त्या आठवडाभरही तग धरणार नाहीत.

काळ्या जमिनीत कोण चालते?

इथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायर आणि मातीचे नाते मोठे. एटीव्हीचे वजन साधारण तीन-साडेतीनशे किलो आणि टायरमध्ये हवा जेमतेम पाच ते सात पीएसआय. कारच्या टायरमध्ये ती तीसच्या पुढे असते. कमी हवेचा रुंद टायर पसरून बसतो, वजन मोठ्या जागेवर वाटले जाते आणि गाडी मऊ जमिनीत कमी रुतते. वाळूत, मुरमाड उतारावर, दगडगोट्यांच्या नाल्यात हे गणित उत्तम जमते. अजिंठा डोंगराच्या पायथ्याची हलकी, बरड जमीन असेल तर एटीव्ही खरेच कामाची ठरेल.

गिरणा काठची किंवा मधल्या पट्ट्यातली भारी काळी जमीन मात्र वेगळी वागते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरला लोण्यासारखी चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो. मग चारही चाकांना ताकद मिळाली तरी चारही चाके एकत्र घसरतात, एवढाच फरक. टायर आणि मडगार्डच्या मधली जागा मातीने भरली की चाक जाम होते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जोराच्या पावसानंतर दोन दिवस अशा रानात कुठलेच चाक घालू नये, हा नियम एटीव्हीलाही लागू आहे.

आणखी एक अडचण तंत्राची आहे. बहुतेक मोठ्या एटीव्हीत गिअरबॉक्सऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी ‘सीव्हीटी’ असते, स्कूटरसारखी पण दणकट. ओझे ओढत हळू चालवताना ‘लो’ रेंज टाकली नाही तर पट्टा तापतो, घसरतो, शेवटी तुटतो. त्या खोक्यात नाल्याचे पाणी शिरले तरी तेच. रेडिएटर चिखलाने बुजतो, एअर फिल्टरमध्ये फुफाटा बसतो. यातले काहीच दुरुस्त न होण्यासारखे नाही. पण पट्टा मोठ्या शहरातल्या डीलरकडून मागवायचा, आठ-दहा दिवस वाट पाहायची आणि तोवर रोह्यांनी मका संपवायचा, असे झाले तर त्या गाडीला भरवशाची म्हणता येणार नाही. ट्रॅक्टरचा फिल्टर किंवा क्लच प्लेट तालुक्याच्या बाजारात त्याच दिवशी मिळते आणि बसवणारा मिस्त्रीही ओळखीचा असतो. भरवसा या शब्दाचा अर्थ खेड्यात इतका साधा आहे.

पिकाची मांडणीही एटीव्हीच्या विरोधात जाते. ही गाडी साधारण चार फूट रुंद. कपाशीच्या दोन ओळींतले अंतर बऱ्याच ठिकाणी चार-पाच फूट असते. जुलैत ती मधून जाईल, पण बोंडे लागण्याच्या काळात फांद्या एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि जनावरेही नेमकी तेव्हाच येतात. त्यात जळगाव जिल्हा ठिबकचा. अंधारात नळीवर टायर फिरला आणि नळी फाटली, तर रोह्याने केले नसते इतके नुकसान मालक स्वतः करून ठेवेल. थोडक्यात, पिकात कुठलीच गाडी जाणार नाही. ती बांधापर्यंत जाणार, पुढे पायीच.

रात्रीचा धोका किती खरा?

एटीव्ही उंच आणि आखूड असते. आडव्या उतारावर किंवा बांधावरून उतरताना ती सहज उलटते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येते, कारण तिला वरची चौकट नसते. अमेरिकेत अशा वाहनांच्या अपघातांत दरवर्षी शेकडो माणसे दगावतात. मागे माणूस बसवला तर तोल आणखी बिघडतो. एका सीटच्या गाडीवर दोघे-तिघे बसणे हे आपल्याकडे ठरलेलेच.

खान्देशात यात दोन गोष्टींची भर पडते. कठडा नसलेल्या विहिरी आणि कुंपणात सोडलेला वीजप्रवाह. पळत्या जनावराकडे लाइट आणि लक्ष दोन्ही असताना गवतात लपलेल्या विहिरीची कड दिसत नाही. मुख्य लाइनवरून तारेत वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात रानडुकरांपेक्षा शेजारच्या माणसाचा जीव जाण्याची भीती जास्त. झटका देऊन सोडणारे सौर कुंपण ही वेगळी, परवानगी असलेली गोष्ट आहे. दोन्हींत गल्लत होऊ नये.

मग घ्यायचे काय?

सात-आठ लाख रुपये हाताशी असतील, तर चार चाकांना ताकद देणारा (फोर व्हील ड्राइव्ह) २४ अश्वशक्तीच्या आसपासचा छोटा ट्रॅक्टर आधी पाहावा. महिंद्र जिवो, कुबोटा निओस्टार यांसारखी मॉडेल फळबागांसाठीच बनलेली अरुंद यंत्रे आहेत. ती दिवसा फवारणी आणि कोळपणी करतात, रात्री जागलीला नेतात, नोंदणी आणि विमा सरळ होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हाही हिशेबात धरण्यासारखा फरक. एटीव्ही दिवसा यातले फारसे काही करू शकत नाही.

कुटुंबासाठी गाडी घ्यायचीच असेल आणि शेताचा रस्ता वाईट असेल, तर लो रेंज असलेली फोर बाय फोर, म्हणजे थार, जिम्नी किंवा चांगल्या स्थितीतली जुनी जिप्सी, असा पर्याय आहे. जिम्नीचे वजन १,२०० किलोच्या आसपास, थार त्याहून बरीच जड. काळ्या मातीत हलकी गाडी सोपी पडते, पण मोकळ्या रानात दोन्ही घालू नयेत. पाणंद रस्ता खडीचा झाला, तर यातल्या कशाचीच गरज उरणार नाही. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून आपल्या शिवारातला रस्ता घेता येतो का, हे ग्रामपंचायतीत विचारणे सात लाखांच्या एटीव्हीपेक्षा स्वस्त आहे. आणि कोरड्या दिवसांत बहुतेकांचे काम आजही भागते ते जुन्या मोटारसायकलवरच.

एटीव्ही घेणे शहाणपणाचे ठरेल ते मोठे, सलग, बरड क्षेत्र असलेल्यांना. मालकाचे घर शेतातच असावे, गाडीला ट्रॅक्टरची मान्यता असावी आणि सर्व्हिस सेंटर दोन-तीन तासांच्या अंतरावर असावे. अशी शेती तालुक्यात फार थोड्यांची आहे.

परवानगी कशी मागायची?

रोही किंवा रानडुकरांनी पीक खाल्ले असेल तर दोन वेगळे अर्ज आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला नुकसानभरपाईचा. त्यासाठी शेत साफ करण्याआधी फोटो काढून लगेच वन विभागाला कळवावे लागते, कारण पंचनामा झाला नाही तर पुढे काही सिद्ध करता येत नाही. दुसरा, जनावर मारण्याच्या परवानगीचा अर्ज वनक्षेत्रपालांकडे. त्यात गट क्रमांक, पीक, नुकसान आणि प्राणी स्पष्ट लिहावा. बंदूक चालवणाऱ्याकडे स्वतःचा शस्त्र परवाना हवा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे, पण तो परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. दोन्ही कागद लागतात. परवानगी हाती आल्यावर तिच्यातली मुदत, हद्द आणि प्राण्याचे नाव पुन्हा वाचून घ्यावे. गोळी लागलेले रानडुक्कर शेजारच्या वनजमिनीत शिरले, तर गाडी किंवा बंदूक घेऊन त्याच्या मागे जायचे नसते. बीटच्या वनरक्षकाला फोन करायचा आणि तो येईपर्यंत बांधावर थांबायचे.